माहेश्वरी शेल्यासाठी मध्ययुगीन धाटणीचा सोन्याचा गोल ब्रोच : सुई सारखी आत पडते

जुना_राजवाडा (इंदूर)

नवरदेवाच्या शेल्यासाठी सोन्याचा ब्रोच करायचा आहे. मागे खटका असलेली बाजारातली साडीपिन नको. युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकात वापरत तसा हवा, म्हणजे एक बंद गोल कडं आणि त्यावर मोकळी फिरणारी सुई, बस. शेला माहेश्वरी आहे, ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. तो डाव्या खांद्यावर अंगरख्याला अडकवायचा आहे.

सोन्याला हात लावण्याआधी पितळेचा नमुना करून पाहिला. बाहेरचा व्यास ३६ मिलिमीटर, कड्याची तार ३ मिलिमीटर गोल, सुई १.६ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर लांब. त्यात तीन गोष्टी बिघडल्या. सुई कड्यावर टेकण्याऐवजी सारखी आत पडते. शेल्याचे धागे ओढले जाऊन सुईभोवती जाळी झाली. आणि ब्रोच सरळ बसत नाही, तोंड खाली करून लोंबतो.

यातलं काय नमुन्यात चुकलं आणि काय मुळातच जमणारं नाही? घरच्यांना २२ कॅरेट हवंय, कारागीर १८ म्हणतोय. आयर्लंडच्या प्रसिद्ध तारा ब्रोचचा फोटो समोर ठेवून काम चालू आहे, तो नमुना धरणं बरोबर आहे का? कड्यावर अक्षरंही कोरायची आहेत.

मूस_फुंकणी

सुई आत पडते त्याचं कारण तुमच्याच मापांत आहे. ३६ मधून दोन्ही बाजूंचे ३-३ वजा केले की आतला व्यास ३० उरतो, आणि सुईही ३०. वर तिचं मोजमाप वळ्याच्या (सुई कड्याभोवती गुंडाळते त्या टोकाच्या) मध्यापासून, म्हणजे कड्याच्या जाडीच्या मधोमध सुरू होतं. तिथले दीड मिलिमीटर कड्यातच गेले. समोरच्या बाजूला टोक पोचणारच नाही. हिशोब असा धरा : दीड, अधिक आतला व्यास ३०, अधिक समोरच्या कड्याची पूर्ण जाडी ३, म्हणजे साडेचौतीस. टोक कड्याच्या बाहेरच्या काठाशी संपलं पाहिजे. त्यापुढे एक-दोन मिलिमीटर आलं की ते केसांत, मुंडावळ्यांत, शेजारच्याच्या पदरात अडकतं.

या ब्रोचला खटका नसतो, कारण त्याची गरजच नसते. कापडाची घडी मागून कड्याच्या पोकळीतून वर ओढायची, सुई तिच्यातून आरपार न्यायची आणि कापड सोडायचं. कापड मागे जायला बघतं आणि सुईला स्वतःबरोबर कड्यावर दाबून धरतं. ताण जितका जास्त, तितकी पकड घट्ट. म्हणून सुई कड्याच्या पुढच्या बाजूला टेकणं हाच सगळा खेळ आहे. ती आत पडली की कुलूपच उघडं राहिलं.

आता सुई कशी करायची ते. तार २ मिलिमीटरवर असताना तापवून नरम करा, मग जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) १.६ पर्यंत ओढा आणि पुन्हा आगीजवळ नेऊ नका. एवढ्या ओढण्याने सोनं कडक होतं आणि तोच कडकपणा सुईला हवा आहे. ४६ मिलिमीटर तोडा. एक टोक ऐरणीवर ठोकून ०.६ मिलिमीटर पातळ पट्टीसारखं करा, पट्टीची रुंदी कानशीने २.८ वर आणा. हीच पट्टी कड्याभोवती गुंडाळून वळा होतो. दुसरं टोक शेवटच्या १२ मिलिमीटरमध्ये निमुळतं करा, पण टाचणीसारखं टोकदार नको. टोक गोलसर आणि आरशासारखं घासलेलं असलं की ते धाग्यांच्या मधून वाट काढतं, धागा तोडत नाही.

वळा बसायला कड्याला गळा लागतो. ३ मिलिमीटरची तार एका ठिकाणी, ३ मिलिमीटर लांबीत, कानशीने २ मिलिमीटरवर आणायची. दोन्ही बाजूंचे खांदे काटकोनात ठेवा. उतरते ठेवले तर वळा चढतो आणि सुई डावी-उजवीकडे डुलते. फिरायला दहावा हिस्सा मिलिमीटर मोकळीक पुरे.

इथे बहुतेक जण एक चूक करतात : वळ्याचं तोंड झाळतात, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडतात. झाळ लावली की दोन नुकसानं होतात. उष्णतेने सुई पुन्हा नरम पडते, म्हणजे ओढून कमावलेला कडकपणा गेला. आणि झाळ पाझरून गळ्यावर उतरली तर सुई जागीच गोठते. वळा थंडच गुंडाळायचा, चिमट्याने दाबायचा आणि तसाच सोडायचा. जुन्या ब्रोचांतही वळे असेच नुसते दाबून मिटवलेले आढळतात. कड्याचा जोड मात्र झाळायचाच आहे, तो सुई चढवण्याआधी. घड्याळाची तबकडी धरली तर गळा १२ वर, सुईचं टोक ६ वर आणि जोड ३ वर किंवा ९ वर. गळ्यात जोड ठेवलात तर सगळ्यात बारीक जागा सगळ्यात कमजोर होईल. कॅडमियमची झाळ कुणी सुचवली तर नको म्हणा, तिचा धूर विषारी असतो.

वजन : १८ कॅरेटमध्ये कडं सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास आणि सुई सव्वा ग्रॅम. २२ मध्ये दोन्ही मिळून साडेचौदा धरा. १.६ मिलिमीटरची सुई २२ कॅरेटमध्ये टिकणार नाही, दोन-चार वेळा काढघाल केली की मधे वाकेल. तुमचा कारागीर बरोबर सांगतोय.

ताणा_बाणा (महेश्वर)

सुईचं ऐकलं, आता कापडाचं ऐका. तुमची दुसरी अडचण सुईची लांबी वाढवून जाणार नाही.

हा ब्रोच लोकरीच्या कापडासाठी घडलेला आहे. तिकडचं जाड लोकरी कापड विणून झाल्यावर पाण्यात तुडवून दाट करत. तंतू एकमेकांत गुंततात, सुई गेली की बाजूला होतात आणि सुई काढली की परत मिटतात. माहेश्वरीत तसं काही होत नाही. ताणा रेशमी, गुळगुळीत. दीड मिलिमीटरची सुई घातली की धागे सरकून एका बाजूला गोळा होतात आणि तिथेच राहतात, कारण त्यांना धरून ठेवणारं खरखरीत असं काही नाही. वर साडेबारा ग्रॅमचं वजन लोंबतं आणि चालताना शेला हलतो. जाळी होणारच. सुई कितीही गुळगुळीत केली तरी होईल, फक्त जरा उशिरा.

काठात टोचावं असं मनात येईल, कारण काठ घट्ट दिसतो. तिथे तर मुळीच टोचू नका. जरीच्या धाग्यावर धातूची चपटी तार गुंडाळलेली असते. सुईने ती उकलते, मग टोकं वर येतात आणि कुठेतरी अडकून वीत-वीत निघत जातात. रेशमाची जाळी नखाने, वाफेने थोडीफार बसवता येते. उकललेली जर बसत नाही.

उपाय : शेला टोचूच नका. शेल्याच्या मागे, खांद्यावर येणाऱ्या जागी, त्याच रंगाच्या सुती कापडाचा ५ बाय ५ सेंटीमीटरचा तुकडा बारीक हातशिलाईने लावा. टाके काठ सोडून अंगात घ्या. त्या तुकड्यावर रेशमी गोफाचा ३ मिलिमीटर रुंदीचा फास शिवा, त्याची दोन्ही मुळं तुकड्यात पक्की करा. तसाच दुसरा फास अंगरख्याच्या खांद्यावर. शेल्यातला फास वर काढायला त्याच जागी धागे न तोडता, नुसते बाजूला सारून एक बारीक भोक करा आणि त्याला काजासारखे टाके घाला. दोन्ही फास कड्यातून वर येतील आणि सुई फक्त फासांतून जाईल.

फासाची उंची शिवताना मोजा. सुईच्या जाडीत कड्याची जाडी मिळवायची आणि वर एक मिलिमीटर सोडायचा. फास सैल राहिला तर ताण येत नाही आणि ताण नाही तर पकड नाही, ते वर सांगितलंच आहे. सैल फासाची चूक सगळ्यांत जास्त होते, कारण शिवणाऱ्याला वाटतं सुई सहज जावी. ती थोडी जोर लावूनच गेली पाहिजे.

कोरीव_अक्षर

फास ही पळवाट नाही, तिला जुना आधार आहे. स्वीडनमधल्या बिर्का इथल्या व्हायकिंग काळच्या थडग्यांत बायकांच्या खांद्यावरचे काशाचे लंबगोल ब्रोच सापडले. त्यांच्या आतल्या सुईवर गंजाने टिकवलेले कापडी फास अजून अडकलेले आहेत. वस्त्राचे पट्टे फासांनी सुईला अडकवत, वस्त्राला भोक पडत नसे.

तारा ब्रोचचा फोटो मात्र बाजूला ठेवा. तो १८५० साली आयर्लंडमधल्या बेटिसटाउनजवळ सापडला, काळ आठव्या शतकाची सुरुवात, आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो अख्खा सोन्याचा नाही. चांदीवर सोन्याचा मुलामा आणि त्यावर सोन्याच्या तारेची नक्षी असं काम आहे. शिवाय तो तुमच्या जातीचाच नाही. त्याच्या आधीच्या आयरिश ब्रोचांचं कडं एका जागी कापलेलं असे. सुई कापडातून काढून त्या फटीतून पलीकडे न्यायची आणि कडं थोडं फिरवायचं, की सुई अडकली. तारा ब्रोचमध्ये ती फट बुजवून टाकली आहे, फक्त तिचा आकार नक्षीत उरला आहे. म्हणून त्याची लांबलचक सुई पाहून माप घेतलंत तर तुमचं गणित चुकेल.

तुम्हाला हवी ती जात म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातला बंद कड्याचा ब्रोच. सोन्याचे बहुतेक लहानच असत, कारण त्यांचं काम अंगरख्यासारख्या कपड्याच्या गळ्याची चीर मिटवणं एवढंच होतं. सर्वसाधारण माणसं तांब्याच्या मिश्रधातूचे वापरत. इंग्लंडमध्ये १३६३ च्या कायद्याने कारागिरांना आणि साध्या शेतकऱ्यांना सोन्या-चांदीच्या अंगठ्या, ब्रोच घालायची मनाई केली होती. त्याच सुमारास कपड्यांना बटणं सर्रास लागू लागली आणि ब्रोचचं कपडा मिटवण्याचं काम कमी होऊन मिरवण्याचं वाढलं. साधारण १४०० चा डन्स्टेबलचा हंस बघा. सोन्यावर पांढरा मीना चढवलेला, जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर उंच, मागे पिन. घालणारा कुणाच्या पदरचा माणूस आहे हे दाखवण्याचं तो चिन्ह होता, कापड धरण्याशी त्याचा संबंध नावापुरता. तो १९६५ मध्ये उत्खननात मिळाला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अक्षरांचं म्हणाल तर ती या ब्रोचांची खरी ओळख. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रिटल गावी सापडलेल्या सोन्याच्या ब्रोचवर फ्रेंच मजकूर आहे. त्याचा आशय असा की मी उराची राखण करणारा ब्रोच आहे, कुणा नीचाचा हात इथे पडू नये. ब्रोच स्वतः बोलतो, ही कल्पना त्या काळात लोकांना फार आवडायची. अंगठ्या, ब्रोच सगळ्यांवर दिसते.

पण तुमच्या ३ मिलिमीटर गोल तारेवर अक्षर वाचण्यासारखं कोरताच येणार नाही. कडं चपटं करा. ५ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टी, बाहेरचा व्यास तोच ३६. सोनं तेवढंच लागतं, हिशोब करून पाहा. आणि देवनागरीला इथे एक सोय आहे जी लॅटिन अक्षरांना नाही : शिरोरेखा. अक्षरांची डोकी बाहेरच्या काठाकडे ठेवली की शिरोरेखा आपोआप एक अखंड वर्तुळ होते आणि अक्षरं तिच्यापासून आत लोंबतात. वरच्या मात्रांना आणि वेलांट्यांना जागा हवी, म्हणून रेघ काठापासून दीड मिलिमीटर आत घ्या. पट्टीच्या मधल्या वर्तुळाची लांबी ९७ मिलिमीटर भरते. गळ्याची आणि सुईच्या टोकाखाली झाकली जाणारी जागा सोडली तर ८५ च्या आसपास उरते. तीन मिलिमीटरला एक अक्षर धरलं तर अठ्ठावीस अक्षरं. जोडाक्षरांना चार धरा.

ताणा_बाणा (महेश्वर)

लोंबण्याचं राहिलं. ब्रोच तोंड खाली करतो तो घडी अरुंद घेतल्यामुळे. कड्याच्या पोकळीचा निम्म्याहून जास्त भाग कापडाने भरला पाहिजे, नाहीतर कडं एका बिंदूवर टांगल्यासारखं फिरतं. फास वापरताना दोन्ही एकमेकांना चिकटून शिवू नका, ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवा. आणि सुई आडवी ठेवा. शेल्याचं वजन खाली ओढतं, ते सुईच्या लांबीभर वाटलं जातं. उभी ठेवलीत तर दोन्ही फास घसरून खालच्या टोकाला गोळा होतील.

जुना_राजवाडा (इंदूर)

सगळ्यांचे आभार. चपटी पट्टी आणि फास, दोन्ही ठरलं. तारा ब्रोच बाद. दोन शंका उरल्या. कडं २२ चं आणि सुई तेवढी १८ ची, असं चालेल का? म्हणजे घरचेही खूष आणि सुईही कडक. दुसरं, हॉलमार्क कुठे उमटवून घ्यायचा?

मूस_फुंकणी

दोन कॅरेटचं मिश्रण करू नका. दागिन्यावर एकच शुद्धता छापली जाते आणि प्रत्येक भाग तिला उतरला पाहिजे. सुई १८ ची असेल तर २२ चा शिक्का मिळणार नाही, आणि १८ चा घेतलात तर कड्यात घातलेलं जास्तीचं सोनं कागदावर कुठेच दिसणार नाही. झाळीलाही हाच नियम, ती त्याच कसाची घ्या.

पण आता तुम्ही फासावर आलात, त्यामुळे २२ ची वाट मोकळी झाली. सुई बारीक ठेवायचं कारण कापड टोचणं होतं. गोफातून जायला सुई जाड चालते. २२ कॅरेटमध्ये २.२ मिलिमीटरची घ्या, तार २.७५ वर असताना शेवटचं तापवा आणि तिथून न तापवता २.२ पर्यंत ओढा. एवढी जाडी असली की २२ चं सोनंही सहज वाकत नाही. मापं बदलतील : चपट्या पट्टीचा आतला व्यास २६, म्हणून सुईची लांबी पट्टीच्या मध्यापासून अडीच, अधिक २६, अधिक ५, म्हणजे साडेतेहतीस. तोडायची ४६ च. गळा दोन्ही काठांतून सारखा घासून ५ चा अडीच रुंद करा आणि लांबी ३.४ ठेवा, कारण या जाड तारेची पट्टी ०.९ वर ठोकली की ती रुंद होते, कानशीने ३.२ वर आणावी लागेल. गळ्याच्या चारही कडा गोल करा, नाहीतर वळा त्यांवर घासून आतून झिजतो. ताणा_बाणा ताईंनी सांगितलेल्या हिशोबाने फासाची उंची आता २.२ अधिक १.५ अधिक १, म्हणजे पावणेपाचच्या आसपास. एकूण वजन साडेपंधरा ग्रॅम धरून चाला.

सुई ठोकताना कडेला चीर गेली तर तिथेच थांबा. कानशीने चीर काढून पुढे गेलं तर वळ्याच्या वाकात ती हमखास उघडते. टोक कापून टाका आणि पुन्हा ठोका, ४६ मध्ये तेवढी सोय ठेवली आहे.

क्रम मोडू नका. आधी पट्टीचा जोड, मग गळा, मग अक्षरं, मग हलकी झिलई, आणि सुई सगळ्यात शेवटी. अक्षरं कोरताना कडं लाखेत बसवावं लागतं. सुई आधी चढवलेली असेल तर लाख वळ्यात शिरते आणि ती काढायला परत तापवणं आलं. खोली पाव मिलिमीटर पुरे. मोठ्या चाकावर घासून झिलई देऊ नका, शिरोरेखा पुसट होते.

हॉलमार्क पाठीमागे, सुईच्या टोकाच्या बाजूला. चपट्या पाठीवर लेझरची खूण स्वच्छ उमटते. तीन खुणा दिसल्या पाहिजेत : बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेची खूण २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून कुठल्याही सराफाला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना ग्राहकाला विकण्याची परवानगी नाही. तो क्रमांक बीआयएसच्या मोबाइल ॲपवर घालून तपासता येतो, दुकानातच तपासा. इंदूरच्या सराफ्यात या कामासाठी सकाळी जा. संध्याकाळी दुकानं मिटून खाऊचे ठेले लागायची घाई सुरू झाली की कारागीर माप घ्यायला निवांत बसत नाही.

कोरीव_अक्षर

एक भर. कडं सजवायला खडे घालावेत असं पुढे कुणी सुचवेल. घालायचे तर माणिक नको, तामडा (गार्नेट) घ्या. सातव्या शतकापर्यंतच्या युरोपीय ब्रोचांत सोन्याच्या बारीक घरांत मुख्यतः तामडा बसवत. १७७१ मध्ये इंग्लंडमधल्या केंटमध्ये सापडलेला किंग्स्टन ब्रोच, साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचा, त्याचा उत्तम नमुना आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या फ्रँक लोकांच्या दागिन्यांतले तामडे रासायनिक तपासणीत मोठ्या प्रमाणात भारतातल्या खाणींचे निघाले आहेत. खड्याखाली चौकटीची नक्षी दाबलेला सोन्याचा वर्ख ठेवत, उजेड परतून खडा पेटल्यासारखा दिसावा म्हणून. आपल्याकडे कोंदणात खड्याखाली डाक घालतात, तेच तत्त्व. मात्र ५ मिलिमीटरच्या पट्टीवर अक्षरं आणि खडे दोन्ही मावणार नाहीत. खडे बसवायचे तर चारच, घड्याळाच्या दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहावर, म्हणजे सुईच्या वाटेत येणार नाहीत आणि गोफ त्यांच्या घरांना घासणार नाही.